मराठी पाठ्यपुस्तक मुलाला ऐकता-वाचता येईल असं करताना: पीडीएफपासून वर्गातल्या बाकापर्यंत

‘पुस्तक पाठवलंय, पीडीएफ आहे,’ असा निरोप येतो. आई फाइल उघडते, टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय) सुरू करते आणि फोन ‘पान एक’, ‘पान दोन’ म्हणत नुसता पुढे सरकतो. चार दिवसांत शाळेत बोललं जातं की या मुलाला मोबाइलवर वाचणं काही जमत नाही. पाठवलेले असतात पानांचे फोटो. त्यात फोनने वाचावं असं अक्षर एकही नसतं.

अंध, अल्पदृष्टी आणि अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांसाठी पाठ तयार करायचं काम मी काही वर्षं करतो आहे. पहिला आठ पानांचा पाठ करायला मला आठवडा लागला होता. आता दोन संध्याकाळी पुरतात. फरक पडला तो क्रमामुळे. बहुतेक जण आधी ॲप शोधतात, मग फाइल, आणि मुलाला शेवटी विचारतात. खाली उलट क्रम आहे. लागेल ते सगळं साधं: विंडोजचा संगणक, वर्ड, गूगलचं खातं, एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम) आणि मुलाच्या घरी असेल तो अँड्रॉइड फोन.

## १. आधी मुलासोबत अर्धा तास बसा

संगणक घरी ठेवून जा. सोबत त्याचं पाठ्यपुस्तक आणि त्यातलाच एक उतारा १८, २४ आणि ३२ पॉइंटमध्ये छापून न्या.

मूल कानाने वाचतं, डोळ्याने, बोटाने की दोन मिळून, हे पाहायचं. अल्पदृष्टीच्या मुलाला छापलेला उतारा सलग दहा मिनिटं वाचू द्या. पहिलं मिनिट सगळेच छान वाचतात. सातव्या मिनिटाला डोळे चोळायला लागला, कागद नाकाशी नेला, तर तो आकार त्याचा नव्हे. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला तोच उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. ऐकून उत्तरं येत असतील आणि स्वतः वाचून येत नसतील, तर त्याला अक्षर आणि आवाज दोन्ही एकाच वेळी हवेत. हात नीट वळत नाहीत म्हणून पान उलटता न येणाऱ्या मुलालाही हीच फाइल चालते, फक्त सलग वाचणारं ॲप लागतं.

मग घरातल्या गोष्टी विचारा. फोन कुणाचा? बाबा तो कामावर नेतात का? संध्याकाळी किती वेळ मिळतो? नेट असतं का? शेवटचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण ऐकायला गोड असलेले बरेच आवाज नेट गेलं की बंद पडतात.

थांबा: अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी बघून साधन ठरवू नका. दोन मुलांच्या कागदावर टक्के तेच असतात; एक २४ पॉइंट आरामात वाचतो, दुसऱ्याला उजेडात काहीच दिसत नाही.

## २. पुस्तक आधीच कुणी केलंय का, बघा

‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे. छापील अक्षर वाचण्यात अडचण असलेल्या वाचकांना त्याचं सदस्य होता येतं, आणि त्यात डिस्लेक्सियाची (वाचनाशी संबंधित अध्ययन अक्षमता असलेली) मुलंही मोडतात. बुकशेअर या अशाच ऑनलाइन ग्रंथालयातही शोधा. न मिळाल्यास बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ मोफत उतरवून घेता येते.

आवृत्ती जुळते का हे याच वेळी बघा. मुलाच्या हातातलं पुस्तक उघडा, प्रथमावृत्तीचं साल पाहा, मग पीडीएफचं पाहा. २०२३-२४ मध्ये दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत, मध्ये वहीची कोरी पानं घालून आली होती. भावंडाकडून किंवा शेजाऱ्याकडून आलेलं पुस्तक त्यातलं असलं, तर त्याचे पान क्रमांक एकसंध पीडीएफशी जुळतीलच असं नाही. पाठाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा क्रमांक ताडून पाहायला दोन मिनिटं लागतात. ती न दिल्याने माझं एकदा अख्खं पुस्तक वाया गेलं आहे.

कायद्याची भीती बाळगायचं कारण नाही. प्रताधिकार कायदा १९५७ मध्ये २०१२ ला दुरुस्ती झाली. तेव्हापासून कलम ५२(१)(झेडबी) नुसार अपंग व्यक्तीच्या वैयक्तिक वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी पुस्तकाचं सुलभ रूप करता येतं आणि तिला देता येतं. मात्र तयार फाइल इयत्तेच्या सगळ्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायची नाही. ही सवलत त्या मुलासाठी आहे.

## ३. अक्षर खरं आहे की नुसतं दिसतंय?

पीडीएफमधली एक ओळ माउसने निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. पुढचा सगळा मार्ग या एका चाचणीवर ठरतो.

ओळ जशीच्या तशी मराठीत उमटली तर नशीबवान आहात; चौथा आणि पाचवा टप्पा सोडून थेट सहाव्यावर जा. ओळ निवडलीच जात नसेल तर तो स्कॅन आहे. तिसरा प्रकार फसवा. पडद्यावर सुंदर मराठी दिसते आणि नोटपॅडमध्ये इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं यांची खिचडी पडते. ते पान श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी अशा जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांना सारखी कळणारी अक्षरांची संकेतपद्धती) नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेलं असतं. स्क्रीन रीडरला दिसते ती खिचडी, आणि तो ती इमानेइतबारे वाचतो.

आणखी एक मधला प्रकार असतो. मराठी उमटते, पण पहिली वेलांटी आधी येऊन बसते आणि ‘शिक्षक’चा ‘िशक्षक’ होतो. डोळा हे खपवून घेतो, कान घेत नाही. म्हणून एकाच ओळीवर विसंबू नका. वेलांट्या आणि जोडाक्षरं भरपूर असलेला एक परिच्छेद उचलून पाहा.

जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर मिळतात. नेमका फॉन्ट आणि त्याची आवृत्ती माहीत असेल तरच त्यांच्या वाटेला जा. नाहीतर अर्धी अक्षरं आणि रफार तुटतात, आणि त्या दुरुस्तीपेक्षा पुन्हा टाइप करणं सोपं वाटू लागतं. माझा अनुभव असा की अशा पीडीएफचीही सरळ चित्रं करून ओसीआर करावं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून घ्यावा.

## ४. स्कॅन करायचंच असेल तर

शिक्षकांनी दिलेल्या झेरॉक्स, स्वाध्याय पुस्तिका, सराव प्रश्नसंच यांना हा टप्पा चुकत नाही. स्कॅनर असल्यास ३०० डीपीआय ठेवा. फोनने काढत असाल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, वरून सरळ. एका फोटोत एकच पान. दोन पानं एकत्र घेतलीत तर ओसीआर डावीकडची ओळ संपताच उजवीकडच्या पानात शिरतं. शिवणीजवळ पान वाकतं आणि तिथले शब्द खाल्ले जातात; काचेचा तुकडा ठेवून पान सपाट करा.

## ५. ओसीआर: पाठ वेगळा काढा, भाषा नीट निवडा

सगळ्यात सोपा रस्ता गूगल ड्राइव्हचा. फाइल ड्राइव्हवर चढवा, उजवी टिचकी मारा आणि ‘ओपन विथ’मधून गूगल डॉक्स निवडा. वर चित्र, खाली मजकूर असं पान तयार होतं. गूगल स्वतः दोन एमबीपर्यंतची फाइल सुचवतं. अख्खं पुस्तक एकदम टाकलं तर पुढची पानं गाळली जातात आणि त्याची सूचनाही मिळत नाही. म्हणून पीडीएफचे पाठनिहाय तुकडे आधीच करून ठेवा.

नेट कमी असेल तर टेसरॅक्ट हे मोफत ओसीआर संगणकावरच चालतं. त्यात मराठीचा भाषासंच वेगळा घालून वेगळा निवडावा लागतो. ‘देवनागरीच आहे ना’ म्हणून हिंदीवर चालवणारे पुष्कळ भेटले. मग ‘ळ’ची आणि ‘ऱ्य’ची वाट लागते.

तपासणी: शेवटच्या पानाची शेवटची ओळ मजकुरात आहे का? प्रत्येक पानाचा पहिला आणि शेवटचा शब्द पुस्तकाशी जुळवा. एवढं झाल्याखेरीज दुरुस्तीला हात लावू नका.

## ६. दुरुस्ती: आधी कानाने, मग डोळ्याने

सगळा वेळ इथे जातो आणि लोक घाई करतात तीही इथेच.

मजकूर डोळ्याने वाचून दुरुस्त करायला बसलात की मेंदू तुमची फसवणूक करतो. जे असायला हवं तेच दिसतं. म्हणून पहिला हात कानाने फिरवा. मजकूर वर्डमध्ये घ्या, एनव्हीडीए सुरू करा, इन्सर्ट आणि खालचा बाण दाबा आणि समोर छापील पुस्तक धरून ऐका. एनव्हीडीए नको असेल तर फाइल वेब पान म्हणून साठवून एज ब्राउझरमध्ये उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबा. तिथे मराठीचे आरोही आणि मनोहर असे दोन आवाज आहेत, दोन्ही चांगले. पुस्तकात बोट एकीकडे आणि आवाज दुसरीकडे गेला की पेन्सिलने खूण करा, थांबू नका. दुरुस्ती दुसऱ्या फेरीत.

ओसीआरच्या चुका ठरावीक असतात. घ आणि ध, भ आणि म, ष आणि प, थ आणि य या जोड्या एकमेकांच्या जागी जातात. ‘ख’चा ‘रव’ होतो. अनुस्वार पडतात. ‘पोपण’ किंवा ‘रवत’ आलं तर शब्दतपासणी पकडेल. खरा धोका चूक होऊनही अर्थ असलेल्या शब्दांचा. गणितात ‘घन संख्या’ची ‘धन संख्या’ झाली तर कुणालाच काही खटकत नाही, कारण दोन्ही संज्ञा पुस्तकात आहेत. विज्ञानात ‘भार’चा ‘मार’. अशा जोड्यांची विषयवार यादी करून ठेवा आणि प्रत्येक पाठात ‘शोधा’ वापरून एकेक तपासा. माझी यादी संगणकाच्या कडेला चिकटवलेली आहे.

आकड्यांसाठी वेगळी फेरी लागतेच. १ आणि ९ यांची अदलाबदल नित्याची. इतिहासाच्या पाठात १९४७ चं ९९४७ झालं तर निदान हसू येतं, पण १८१८ चं १८९८ झालं तर मूल ते पाठ करतं. साल, पान क्रमांक, प्रश्न क्रमांक आणि गणितातली प्रत्येक संख्या छापील पुस्तकाशी बोट ठेवून जुळवा. शून्य, अनुस्वार आणि पूर्णविराम यांचाही घोळ होतो.

काही चुका ओसीआरच्या नसतात, आपल्या टायपिंगच्या सवयीच्या असतात. ‘दुःख’मध्ये विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाइप केला तर डोळ्याला फरक कळत नाही, स्क्रीन रीडर मात्र शब्दाचे दोन तुकडे करतो आणि मध्ये कधी ‘कोलन’ही म्हणतो. सगळ्या फाइलमध्ये शोधून विसर्ग घाला. तसंच ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’. एकीकडे गुरुजी, दुसरीकडे स्वयंपाकी. टाइप करताना ‘ऱ्य’ नीट काढला नाही तर गुरुजींना वाढपाला लावाल.

आता ओळी. ओसीआर छापील ओळ संपली की एंटर मारून ठेवतं. वाचणारा आवाज प्रत्येक एंटरला थांबतो आणि वाक्याचे लचके तुटतात. वर्डच्या ‘शोधा आणि बदला’मध्ये आधी दोन सलग एंटरच्या जागी एखादं न वापरलेलं चिन्ह घाला, मग उरलेल्या एकेरी एंटरच्या जागी मोकळी जागा, मग त्या चिन्हाच्या जागी पुन्हा एक एंटर. तीन पावलांत परिच्छेद जुळतात.

थांबा: कविता, गणिताच्या पायऱ्या आणि प्रश्नांच्या याद्या यातून आधीच बाजूला काढा. ओवीच्या चारही ओळी सलग वाक्य होऊन मुलाच्या कानावर पडल्या तर ती ओवी राहत नाही.

बालभारतीच्या पुस्तकात ‘माहीत आहे का तुम्हांला?’, ‘करून पहा’ अशा चौकटी असतात. ओसीआर चौकट मध्येच उचलून एखाद्या वाक्याच्या पोटात घुसवतं. चौकटीतला मजकूर कापा, तो परिच्छेद संपल्यावर लावा, वर ‘चौकट सुरू’ आणि खाली ‘चौकट समाप्त’ लिहा.

स्वाध्याय पुन्हा लिहावे लागतात. रिकाम्या जागेची लांब रेघ स्क्रीन रीडरला ‘अंडरस्कोर अंडरस्कोर अंडरस्कोर’ अशी ऐकू येते. तिथे ‘रिकामी जागा’ हे दोन शब्द लिहा. ‘जोड्या लावा’चे दोन स्तंभ एकात एक मिसळतात. आधी ‘अ गट’ पूर्ण, क्रमांकासह; मग ‘ब गट’ पूर्ण, अक्षरांसह. मूल ‘एकला क’ असं उत्तर सांगू शकतं.

च, ज, झ यांचे दोन उच्चार आवाजाला कळत नाहीत. ‘चमचा’ हिंदीसारखा वाचला जाईल. त्यासाठी शुद्धलेखन बिघडवून ‘त्सम्त्सा’ वगैरे लिहू नका. मूल मराठी बोलतं, त्याला कळतं.

## ७. मथळे आणि पान क्रमांक

शब्द ठळक केला, फॉन्ट मोठा केला म्हणजे मथळा झाला असं डोळसांना वाटतं. स्क्रीन रीडरला ते दिसत नाही. वर्डमधली ‘हेडिंग’ शैली लावा: पाठाच्या नावाला पहिली, उपशीर्षकाला दुसरी, ‘स्वाध्याय’ला पुन्हा दुसरी. मग एनव्हीडीए ब्राउझ मोडमध्ये असताना मूल ‘एच’ दाबून मथळ्यावरून मथळ्यावर जातं आणि ‘२’ दाबून थेट दुसऱ्या पातळीच्या मथळ्यावर.

आता माझी चूक. सुरुवातीला मी पान क्रमांक ‘कचरा’ समजून काढून टाकायचो. फाइल कशी सलग, स्वच्छ. सातवीतल्या एका मुलीला इतिहास तसाच करून दिला. वर्गात बाईंनी ‘पान त्रेचाळीस, तिसरा परिच्छेद’ म्हटलं, पोरांची पानं फडफडली, आणि ती पाठाच्या पहिल्या ओळीपासून बाण दाबत बसली. ती तिथे पोहोचेपर्यंत वर्ग स्वाध्यायाला लागला होता. हे तिने मला दोन महिन्यांनी सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून.

तेव्हापासून प्रत्येक पान जिथे सुरू होतं तिथे स्वतंत्र ओळीवर ‘पान ४३’ लिहितो आणि त्या ओळीला सहाव्या पातळीचा मथळा देतो. ‘६’ दाबत गेलं की पानामागून पान. पान वाक्याच्या मध्ये तुटत असेल तर क्रमांक वाक्य संपल्यावर घाला.

तक्ते असतील तर वर्डचा खरा तक्ता घाला. स्पेस मारून रांगेत बसवलेले आकडे ऐकताना एकमेकांवर आदळतात. जोडलेले चौकोन सोडवा. पहिल्या ओळीत स्तंभांची नावं हवीत.

तपासणी: एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि एफ७ दाबा. मथळ्यांची यादी उघडेल. त्यात छापील पुस्तकातला प्रत्येक मथळा आणि प्रत्येक पान सापडलं पाहिजे.

## ८. चित्रांचं वर्णन

सजावटीची चित्रं सोडा. कोपऱ्यातला हसरा सूर्य कुणाला ऐकायचा नसतो. ज्या चित्रावर प्रश्न आहे किंवा ज्याच्याशिवाय मजकूर कळत नाही, त्याचंच वर्णन करा. म्हणून आधी स्वाध्याय वाचा, मग वर्णन लिहायला घ्या.

‘महाराष्ट्राचा नकाशा, नद्या दाखवल्या आहेत’ हे वर्णन निरुपयोगी. असं लिहिता येईल: ‘आकृती: महाराष्ट्रातील प्रमुख नद्या. पश्चिमेला उत्तर-दक्षिण पसरलेला सह्याद्री. त्यात त्र्यंबकेश्वरजवळ गोदावरीचा उगम; ती पूर्वेकडे जाते. तिच्या दक्षिणेला भीमाशंकरजवळ भीमेचा उगम. ती आग्नेयेकडे जाते. राज्याच्या उत्तर भागात तापी. ती पश्चिमेकडे जाऊन अरबी समुद्राला मिळते.’

प्रश्न ‘पश्चिमवाहिनी नदी ओळखा’ असा असेल तर उत्तर फुटलं का? नाही. डोळस मुलाला नकाशात बाण दिसतो, तोच तुम्ही शब्दांत दिला. पण ‘तापी ही पश्चिमवाहिनी नदी आहे’ असं लिहिलंत तर निष्कर्षही तुम्हीच काढून दिलात. दिसतं ते सांगायचं, समजायचं ते मुलावर सोडायचं.

लहान वर्णन चित्रावर उजवी टिचकी मारून पर्यायी मजकुराच्या जागेत घाला. तीन-चार वाक्यांपेक्षा मोठं असेल तर मजकुरातच, ‘आकृतीचं वर्णन’ अशा ओळीखाली. फुलाचे भाग, पचनसंस्था, भूमितीच्या आकृत्या यांना वर्णन पुरत नाही. जाड कागदावर सुतळी, बटणं, मण्यांची माळ चिकटवून बोटाने चाचपता येणारी आकृती करा. तिथे यंत्र मागेच पडतं.

## ९. कुणाला कोणतं रूप

मूळ फाइल एकच ठेवा, वर्डची. बाकी सगळं तिच्यातून काढा. अल्पदृष्टीच्या मुलासाठी वेगळी, डिस्लेक्सियासाठी वेगळी अशा चार फायली हाताने सांभाळायला गेलात की एकीतली दुरुस्ती दुसरीत राहते.

अंध मुलासाठी वर्डची फाइल चालते, पण फोनवर ईपब (अक्षराचा आकार बदलता येणारं ई-पुस्तकाचं रूप) बरं. डेझी कन्सॉर्शियमचं ‘वर्डटूईपब’ हे मोफत साधन वर्डमधल्या मथळ्यांवरून अनुक्रमणिकेसह ईपब करून देतं. संगणकावर ते थोरियम रीडरमध्ये उघडतं. मुलाला ब्रेल येत असेल तर हाच स्वच्छ मजकूर भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये) छापायला देता येतो.

अल्पदृष्टीच्या मुलाला पीडीएफ मोठी करून देऊ नका. अक्षर मोठं होतं तशी ओळ पडद्याबाहेर जाते, आणि प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे ओढत बसावं लागतं. ईपबमध्ये अक्षर वाढवलं की ओळ नव्याने जुळते. पार्श्वभूमी काळी हवी की पिवळट हे त्याला निवडू द्या.

डिस्लेक्सियाच्या मुलासाठी दीडपट ओळ-अंतर, डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळी कड, तिरकी किंवा अधोरेखित अक्षरं नाहीत. ओपनडिस्लेक्सिक फॉन्टची शिफारस सर्रास होते, पण त्यात देवनागरी नाही. फाइलला तो लावला तर मराठी दुसऱ्याच कुठल्यातरी फॉन्टमध्ये दिसते आणि आपल्याला वाटतं काम झालं. ‘मुक्त’ (Mukta) किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा मोकळा फॉन्ट घ्या. वाचतानाचा शब्द रंगवत जाणारा आवाज हवा. एजमध्ये ते होतं. गती थोडी कमी.

थांबा: ‘मीच वाचून रेकॉर्ड करून देते’ हा प्रेमळ पर्याय असतो. गोष्टीच्या पुस्तकाला उत्तम. अभ्यासाच्या पाठाची चाळीस मिनिटांची एकच ध्वनिफीत दिली तर मुलाला ना स्पेलिंग तपासता येतं, ना पान ४३ सापडतं.

## १०. फोन लावून देणं

फायलीवर दोन संध्याकाळी घालवून इथे पाच मिनिटं देतात आणि सगळं फसतं.

फोनच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट-टू-स्पीच शोधा. नाव आणि जागा प्रत्येक कंपनीची वेगळी, तेव्हा सेटिंगच्या शोधपट्टीत टाइप करणं सोपं. गूगलचं इंजिन निवडा, मराठीचा आवाज उतरवून घ्या, मग नेट बंद करून वाचून घ्या. वाचला तरच तो खरोखर फोनवर आहे. भाषा हिंदीवर राहिली असेल तर ‘बाळ’ आणि ‘फळा’ ऐका, लगेच कळेल.

संगणकावर एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीकचा मराठी आवाज डोळस माणसांना पत्र्यावर खडे पडल्यासारखा वाटतो. तो बदलून टाकण्याआधी मुलाला विचारा. सरावलेली मुलं तोच आवाज तिप्पट गतीने ऐकतात आणि गोड आवाज त्यांना मंद वाटतो.

फायलींची नावं देताना पाठाचा क्रमांक आधी. ‘इयत्ता सातवी इतिहास व नागरिकशास्त्र पाठ ०३’ अशी दहा नावं ओळीने असतील तर मुलाला प्रत्येक वेळी सगळं ऐकून शेवटचा आकडा गाठावा लागतो. ‘०३ इतिहास सातवी’ म्हणजे पहिल्याच शब्दाला निर्णय.

टॉकबॅक सुरू-बंद करायला आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरायची, हे घरातल्या प्रत्येकाला स्वतः करायला लावा. भावाने फोन घेतला, टॉकबॅक बंद केला आणि परत लावता आला नाही, असं सारखं घडतं.

## ११. वर्गात एक तास

शिक्षकांची परवानगी घेऊन मागच्या बाकावर बसा. इअरफोन एकाच कानात; दुसरा कान शिक्षकांसाठी मोकळा. फोन पूर्ण चार्ज केलेला. ‘पान अमुक उघडा’ म्हटल्यापासून मूल तिथे पोहोचेपर्यंत मनात आकडे मोजा. पंधराच्या आत पोहोचलं तर पुढच्या पाठांचं काम सुरू करा. नाहीतर सातव्या टप्प्यावर परत.

विशेष शिक्षक शाळेत येत असतील तर त्यांना त्या दिवशी बोलवा. पुढे फोन बिघडला, फाइल हरवली की मूल त्यांच्याकडेच जाणार आहे.

मुलाला सांगून ठेवा की विचित्र ऐकू आलेला शब्द तिथेच पान क्रमांकासह फोनवर बोलून नोंदवायचा. आठवड्याने त्या नोंदी ऐका, वर्डच्या मूळ फाइलमध्ये दुरुस्त्या करा, ईपब नव्याने काढा, नावाच्या शेवटी तारीख घाला आणि जुनी प्रत फोनमधून तुमच्या समोर पुसून टाका. ती पुसायची राहिली, तर चाचणीच्या आदल्या रात्री मूल नेमकी तीच उघडतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरुवात करत असाल तर जूनच्या पहिल्या दिवशी हातात प्रत्येक विषयाचे पहिले दोन पाठ तयार असले तरी पुरे. एका विषयाचं अख्खं पुस्तक आणि बाकीचे विषय कोरे, असं करू नका.